मध्येच बदललेले आटे

तीन वर्षांपूर्वी, मी जेमतेम अडुसष्टची, अल्लड असताना, जुना ब्रेक-पंप घरीच ठेवून चामराजपेटच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात नवा आणायला गेले. दुसऱ्या दिवशी नातीची वरात तिच्या आजोबांच्या जुन्या गाडीतून निघायची होती. दुकानात मी मॉडेल आणि साल ठणकावून सांगितलं, पंप घेतला.

काउंटरवर शेजारी उभ्या असलेल्या माणसानं नमुन्याला आणलेला आपला जुना पंप टॉवेलात गुंडाळून तान्ह्या बाळासारखा धरला होता.

"अक्का, त्या साली कंपनीनं मध्येच आटे बदलले. तुमची गाडी आधीची की नंतरची?"

"गाडी एक, साल एक, मग पंप दोन कसे?" मी फणकारले.

तो रिक्षापर्यंत मागे आला. मी आत बसले तरी तो रिक्षाचा दांडा सोडेना.

"स्वल्प, थोडं ऐका, अक्का. नाही बसला तर जोर लावून बसवू नका. आमच्या मुलानं तसाच बसवला होता. उतारावर ब्रेक लागलेच नाहीत."