बिननावाचं पाकीट

पेनवाल्या बाईंच्या दाराशी आला की पोस्टमन बेल वाजवत नसे, नुसता खाकरत असे. खिडकीशी बसलेल्या बाई डोळ्यावरचं भिंग न काढता विचारायच्या, "किती?" तो म्हणायचा, "चार. त्यातलं एक फुगलंय." फुगलंय म्हटलं की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. फुगलेल्या पाकिटात पुठ्ठ्याला चिकटपट्टीने डकवलेली नाणी असणार, ती सोडवताना नखं दुखणार, आणि एवढं करून दोन-तीन नाणी कमीच भरणार, हे त्या पाकीट न उघडता सांगू शकायच्या.

बाईंचा धंदा जुन्या शाईपेनांचा. मोडकी पेनं गोळा करायची, दुरुस्त करायची आणि इंटरनेटवरच्या लिलावाच्या साइटवर विकायची. हात बसला होता पेनांच्या कारखान्यात. तिथे निब घासायच्या टेबलावर त्यांनी बावीस वर्षं काढली होती. कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी बाकीच्या बायका गेटाशी रडत उभ्या होत्या, आणि बाई आत भंगारवाल्याशी घासाघीस करत होत्या. दोन खोकी निबा आणि सुटे भाग त्यांनी वजनावर घेतले आणि नवऱ्याच्या सायकलला बांधून घरी आणले. नवरा त्याच कारखान्यात स्टोअरकीपर. "अगं, या सगळ्याचं करायचं काय?" त्याने विचारलं. "ते मी बघते," बाई म्हणाल्या. लेकीने पहिलं पेन साइटवर चढवून दिलं आणि चार दिवसांत ते विकलं गेलं. तेव्हापासून घर पेनांवर चाललं होतं. नवऱ्याची पेन्शन भाड्यापुरतीच होती.

पेन विकणं सोपं. पैसे हातात पडणं ही मात्र साडेसाती. शाईपेन घेणारी माणसं म्हणजे अजून पत्रं लिहिणारी माणसं. फोनवर बोट टेकवून पैसे पाठवा म्हटलं की त्यांना कुणी खिसा कापतंय असं वाटायचं. बाईंची दहातली सहा गिऱ्हाइकं पोस्टानेच पैसे धाडत, आणि काय एकेक तऱ्हा! एकाने चेकवर सगळं लिहिलं, सही तेवढी राहिली. एकाने अक्षरात बाराशे लिहिलं आणि आकड्यात एकशे वीस. एकाने तर चेक बाईंच्या साइटवरच्या टोपणनावाने काढला, 'निळी शाई' या नावाने. बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "निळी शाई कोण?" बाई म्हणाल्या, "मीच." मुलगी म्हणाली, "ओळखपत्र दाखवा." झालं, चेक घरी परत. एका महाभागाने निम्मेच पैसे पाठवले आणि चिठ्ठी जोडली, 'पेन आवडलं तर उरलेले पाठवीन.' आणि एकाने बाईंकडूनच घेतलेल्या पेनाने, बाईंनीच भेट म्हणून दिलेल्या शाईने चेक लिहिला. पाकीट वाटेत भिजलं, आणि आतून निघाला एक फिकट निळा, कोरा कागद. त्या दिवशी बाई जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण या सगळ्यांवर कडी म्हणजे नाव न लिहिणारे. पैसे आहेत, पत्ता आहे, पण पाठवलं कुणी आणि कुठल्या पेनाचे, याचा पत्ता नाही. दुसरा कुणी असता तर डोकं धरून बसला असता. इथे मात्र बाईंचा हात कुणी धरू शकत नव्हतं. त्या पाकीट उजेडात धरायच्या, भिंग लावून पत्त्याच्या रेघा बघायच्या आणि सांगायच्या, "उभी रेघ जाड, आडवी बारीक, टोकाला किंचित खरवड. म्हणजे मी मागे दिलेलं ते काळं पेन. म्हणजे बंदरावरचा कारकून." आणि तो बंदरावरचा कारकूनच निघायचा. आपण घासलेली निब शिंप्याला आपली शिवण ओळखू यावी तशी त्यांना ओळखू येई. अकरा वर्षांत त्यांचा अंदाज एकदाही चुकला नव्हता, आणि हे ऐकवायला त्या कधी विसरत नसत.

साइटने नव्या लोकांना पोस्टाने पैसे घ्यायची बंदी केली होती. जुन्या विक्रेत्यांना सूट होती, पण एका अटीवर. 'पैसे दिले, माल आला नाही' अशी एकही तक्रार खरी ठरता कामा नये. ठरली की नावापुढे लाल खूण आणि पोस्टाचा व्यवहार सहा महिने बंद. सहा महिने पोस्ट बंद म्हणजे दहातली सहा गिऱ्हाइकं गेलीच. लेक शनिवारी यायची आणि दर शनिवारी म्हणायची, "आई, सोड ना ही पोस्टाची भानगड." बाई म्हणायच्या, "माझी गिऱ्हाइकं तुझ्या फोनात मावत नाहीत."

त्या महिन्यात बाईंनी दोन हिरवी पेनं लिलावाला लावली. दोन्ही एकाच घडणीची, दोन्हींची सुरुवातीची बोली तीच. दोन्ही त्याच किमतीला गेली, टपालखर्च धरून चौदाशे चाळीस. एक घेतलं मास्तरांनी. निवृत्त शिक्षक, बाईंचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. दुसरं घेतलं एका नव्याने, ज्याने साइटवर आधी काहीच घेतलं नव्हतं आणि ज्याचं टोपणनाव होतं 'रात्रपाळी'.

मंगळवारी पाकीट आलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले रोख चौदाशे चाळीस. ना चिठ्ठी, ना नाव. पाठीमागे पाठवणाऱ्याचा पत्ताही नाही, आणि पोस्टाचा शिक्का असा पुसट की फक्त काळा गोल दिसावा. नवरा म्हणाला, "आता गं?" बाईंनी भिंग लावलं आणि हसल्या. डाव्या बाजूला झुकवून घासलेली निब. मास्तर पेन तिरकं धरतात म्हणून गेल्या वर्षी त्यांनी ती खास घासून दिली होती. तशी निब जगात एकच होती.

"मास्तर," बाई म्हणाल्या.

"मास्तर तर नेहमी चेक पाठवतात," नवरा म्हणाला. "सोबत दोन पानी पत्रही असतं."

"चेकबुक संपलं असेल. वय झालंय, राहिलं असेल पत्र. निब माझी आहे हो! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

नवऱ्याने पुढे वाद घातला नाही, पाकीट नेहमीसारखं आपल्या खोक्यात ठेवलं. स्टोअरकीपरच तो, कागदाचा कपटासुद्धा टाकायचा नाही. दुसऱ्या दिवशी एक हिरवं पेन मास्तरांनी साइटवर दिलेल्या पत्त्यावर रवाना झालं.

आठवड्याभराने रात्रपाळीचा निरोप आला, 'पेन आलं नाही.'

बाईंनी लिहिलं, 'पैसे आले नाहीत.'

'पाठवलेत.'

'कसे?'

'रोख. पाकिटात.'

बाई फणकारल्या. "ज्याने पैसे पाठवलेले नसतात, त्याने नेमके रोखच पाठवलेले असतात!" नवरा दारातून म्हणाला, "अगं, ते मंगळवारचं पाकीट..." बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत पार्सलांची सुतळी गुंडाळायला गेला. मग बाईंनी छातीठोकपणे उत्तर लिहिलं. अकरा वर्षांत आपल्याकडे आलेला एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही, आणि नव्या माणसाने जुन्या माणसाशी जपून बोलावं, असं. साइटवर ते सगळ्यांना दिसेल याची त्यांनी पर्वा केली नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रार दाखल झाली. साइटचा फॉर्म आला. त्यात एकच प्रश्न आणि दोन चौकोन: 'पैसे मिळाले' आणि 'पैसे मिळाले नाहीत'. उत्तराला तीन दिवस. बाई म्हणाल्या, "शनिवारी लेक आली की तिच्याकडून भरून घेऊ. घाई कसली?"

शनिवारी लेक आली, आणि तिच्या पाठोपाठ पोस्टमन खाकरला. मास्तरांचं पत्र होतं, दोन पानी.

मास्तरांनी लिहिलं होतं की, पेन पोचलं, पण पैसे पाठवायच्या आतच ते यावं याचा संकोच वाटतो. खुब्याचं हाड मोडून महिनाभर हॉस्पिटलात होतो, आता बहिणीकडे आहे, पेनही तिच्याच पत्त्यावर मागवलं होतं, चेकबुक मात्र घरी राहिलंय, महिनाअखेरीस नक्की पाठवतो. 'आपण घासून दिलेलं पेन मी वॉर्डातल्या ब्रदरला देऊन टाकलं. पोराने रात्ररात्र माझं केलं. त्याला त्या पेनाचा इतका लळा लागला की तुमच्याकडचं दुसरं हिरवं पेन त्यानेही घेतलं. पैशांच्या पाकिटावर काय लिहू, असं मला विचारत होता. मी म्हटलं, नुसता त्यांचा पत्ता लिही, बाकी काही लिहू नकोस. आपल्या बाई अक्षरावरून माणूस ओळखतात.'

पत्र बाईंनी दोनदा वाचलं. मग त्या नवऱ्याच्या खोक्याशी गेल्या. मंगळवारचं पाकीट काढलं, मास्तरांचं गेल्या वर्षीचं एक पत्र काढलं, दोन्ही खिडकीशी मांडली आणि भिंग लावलं. रेघ तीच होती. झुकाव तोच होता. "निब तर माझीच आहे," त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

नवऱ्याने भिंगाबिंगाशिवाय वाकून पाहिलं. "निब असेल गं. पण हे अक्षर मास्तरांचं नाही. मास्तर गोल लिहितात. हे कुणीतरी टोकदार, घाईने लिहिलंय. हे तर कुणालाही दिसेल."

कुणालाही दिसेल. बाईंना दिसलं नव्हतं. बावीस वर्षं आणि वर अकरा वर्षं त्यांनी रेघ पाहिली होती, ती काढणारा माणूस पाहिला नव्हता. पेन हे एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं, आणि आपला सगळा धंदाच त्यावर चालतो, हे त्यांच्या डोक्यात कसं आलं नाही? त्यांना मनापासून लाज वाटली.

लेक कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिने एकदा आईकडे, एकदा बाबांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आई, एक सांगू? राग नको मानू. त्या पैशांवर नाव नव्हतं. पोचपावती नाही, काही नाही. 'मिळाले नाहीत' वर खूण कर आणि त्याला दुसरं पेन तसंच पाठवून दे, कृपा म्हणून. त्याला पेन मिळालं, तुझं नाव राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सहा महिने पोस्ट बंद झाली तर खाणार काय आहात तुम्ही?"

नवरा उठून स्वयंपाकघरात गेला. बाई खिडकीशी जाऊन बसल्या, एक तपकिरी पेन उघडलं आणि त्याची निब घासायला लागल्या. घासायची, पाण्यात बुडवायची, कागदावर ओढून बघायची, परत घासायची. लेकीला वाटलं, आईचं ठरलंय, आता तिला काही सांगून उपयोग नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन बाबांशी गप्पा मारत बसली. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं तेव्हा बाई उठल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "उघड तो फॉर्म."

त्यांनी स्वतःच्या बोटाने 'पैसे मिळाले' वर खूण केली. खाली कारण लिहायला जागा होती. तिथे लिहिलं, 'माझ्याकडून पेन दुसऱ्याला गेलं.' दोन मिनिटांत साइटचा निकाल आला. मशीनच ते, त्याला विचार करावा लागत नाही. निळ्या शाईपुढे लाल खूण उमटली आणि पोस्टाचा व्यवहार सहा महिन्यांसाठी बंद झाला.

मग बाई ब्रदरला पत्र लिहायला बसल्या. पहिलं पत्र चार पानांचं झालं. त्यात निबेचा झुकाव होता, मास्तरांची तिरकी बोटं होती, पोस्टाचा पुसट शिक्का होता. ते त्यांनी वाचलं आणि फाडलं. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'तुमचे पैसे मंगळवारीच मिळाले होते. चूक माझी. बोलले तेही चुकलं.' दुसरं हिरवं पेन त्यात गुंडाळलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आजच टाका."

पुढचे दिवस ओढाताणीचे गेले, पण बाई हातपाय गाळून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोन दुकानांचं निब घासायचं काम त्यांनी घरी घेतलं. दर ठरवताना दुकानदाराने त्यांच्या लाल खुणेचा विषय काढला, तेव्हा म्हणाल्या, "ती पैशांची आहे. निबेला कुणी नाव ठेवलं असेल तर सांगा." दर त्यांच्याच मनासारखा ठरला. मास्तरांचा हिरव्या पेनाचा चेक महिनाअखेरीस आला. सही नव्हती. बाईंनी तो परत पाठवला, आणि या वेळी रागावल्या नाहीत.

तीन आठवडे झाले असतील. लेक शनिवारी आली, फोन उघडून बघत होती आणि एकदम थांबली. "आई, त्या ब्रदरने लिहिलंय. लाल खुणेच्या खाली. तक्रार मागे घ्यायला गेला होता, साइट घेऊ देत नाही म्हणे. म्हणून तिथेच लिहून ठेवलंय."

"वाच."

लेकीने वाचलं, "'मी पैसे पाठवले याचा माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. बाई नाही म्हणाल्या असत्या तर मला काहीच करता आलं नसतं. त्या हो म्हणाल्या.'"

नवऱ्याने सुतळीचं बंडल खाली ठेवलं. बाईंनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. लेकीने फोन बाजूला ठेवला. झाकली मूठ तिनेच सुचवली होती, आणि ती ते विसरली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "नाही म्हणावं, असं तुझ्या मनात तरी आलं होतं का गं?"

"आलं होतं," बाई म्हणाल्या. "अख्खी दुपार दुसरं काही आलंच नव्हतं."