दादांचं पाचवं बोट

माझे वडील शाळेत भूगोल शिकवायचे. आम्ही भावंडं त्यांना दादा म्हणायचो. त्यांची शाळा सुरू झाली ती उर्दूत; पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि मधेच त्यांची पाटी मराठी झाली. त्या उर्दू वर्गात त्यांच्या शेजारी बसणारा मुलगा पुढं आमच्याच शहरातल्या शहागंजात कापडाचं दुकान चालवायला लागला. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दादांचा एवढा जुना स्नेही दुसरा कुणी नव्हता.

दोघांना एकच नाद होता, टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेचा. आमच्याकडे काळा-पांढरा टीव्ही आला तेव्हा रविवारी शाळाशाळांची स्पर्धा दाखवत. दोन-दोन मुलांचे संघ, इस्त्रीचे गणवेश, तेल लावून चापून बसवलेले केस. उत्तर आलं नाही की ‘पास’ म्हणायचं, मग प्रश्न शेजारच्या संघाकडं सरकायचा. शेवटी बक्षीस म्हणून पुस्तकं. दादांनी तसाच खेळ आपल्या शाळेत सुरू केला. घंटेऐवजी स्टीलचा पेला आणि चमचा. शनिवारी त्या पेल्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत यायचा, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात.

पुढं रंगीत टीव्ही आला, वाहिन्या वाढल्या आणि तो मोठा कार्यक्रम सुरू झाला. संघ गेले. उंच खुर्चीवर एकटा माणूस, समोर सूत्रसंचालक, डोक्यावर प्रखर दिवे, काळीज धडधडवणारं संगीत. पुस्तकांच्या जागी धनादेश. अडलं तर प्रेक्षकांचा कौल घ्यायचा, नाहीतर मित्राला फोन लावायचा. आणि प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय. दादांना ते पर्याय अजिबात पटायचे नाहीत.

“उत्तर ताटात वाढूनच ठेवलंय की,” ते म्हणायचे. “यात माणसाला आठवावं काय लागतं?”

पर्याय पडद्यावर यायच्या आत ते उत्तर देऊन टाकायचे. चाचा मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचे आणि दादा चिडले की पोट धरून हसायचे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, “त्यांना कळतं सगळं. शब्द सापडत नाहीत एवढंच.” एवढंच! आयुष्यभर बोलून पोट भरलेल्या माणसाकडं एकच शब्द उरला होता, ‘अच्छा’. हो म्हणायचं तरी अच्छा, नको म्हणायचं तरी अच्छा. पाणी दिलं की अच्छा, आणि पाणी नको असलं की तोच शब्द मोठ्यानं, कपाळावरची शीर फुगवून. मान हलवायचे तीही उलटसुलट. आई बिचारी त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची.

मी तेव्हा इथंच नोकरीला होते. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याजवळ बसायचे. एका दुपारी आदल्या दिवशीचा कार्यक्रम पुन्हा दाखवत होते. चाचा आले होते, पलंगाशेजारी मोसंबी सोलत होते. सुरुवातीचा सोपा प्रश्न होता, गोदावरी कोणत्या राज्यात समुद्राला मिळते. पर्याय आले. खुर्चीवरची बाई विचार करत होती. दादांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. तीन बोटं.

“मास्टर,” चाचा मोसंबी खाली ठेवत म्हणाले, “तीसरा? आंध्रा?”

“अच्छा,” दादा म्हणाले. बोटं तशीच ताठ.

उत्तर तिसरंच होतं. पुढच्या प्रश्नाला एक बोट, तेही बरोबर. मी आईला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली आणि दारातच उभी राहिली. चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. “देखो भाभी, सब याद है इनको! सब!”

त्या दिवसापासून आमचं घर पर्यायांवर चालायला लागलं. आई पलंगाशी उभी राहून विचारायची, “एक, पाणी. दोन, दुखतंय का कुठं? तीन, कूस बदलायची. चार, काई नको.” दादा बोट दाखवायचे. भाजी कोणती, सदरा कोणता, कुणी भेटायला आलंय त्याला आत घेऊ का नको. कितीतरी दिवसांनी आईच्या चेहऱ्यावर थोडा हुरूप दिसला. नंतर कार्यक्रमात बदल झाले, उत्तराला घड्याळ लागलं. दादांचा हात हळू उठायचा, त्यांना ते घड्याळ पुरायचं नाही. चाचा मग टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि म्हणायचे, “अपने यहाँ घड़ी नहीं है, मास्टर. आराम से.”

पावसाळा सरता सरता एक दिवस आईनं नेहमीसारखं विचारलं आणि दादांनी हात वर केला. चार बोटं, आणि दुमडलेला अंगठाही बाहेर काढलेला. पाच.

“पाच कुठंय यात?” आई म्हणाली. “चारच सांगितले की मी.”

दादांनी पुन्हा पाच दाखवले.

आम्हाला कळलं की यातलं काहीच नको, दुसरंच काहीतरी हवंय. मग आम्ही विचारत सुटलो. माणसं विचारली, मुंबईच्या माझ्या भावाला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. खायच्या वस्तू विचारल्या. देव विचारले. औषध, उशी, खिडकी, जुने फोटो. प्रत्येक वेळी पाच. चाचांनी उर्दूतून विचारून पाहिलं, लहानपणच्या मित्रांची नावं घेतली, मास्तरांची नावं घेतली. दादा कान देऊन ऐकायचे आणि अंगठा बाहेर यायचा.

चाचांना वाटलं, लहानपणी दोघं घाटावरच्या खुलताबादला जायचे, तिथंच जायचं असेल. त्यांनी पुतण्याची गाडी आणली. दादांना मागच्या सीटवर उशांच्या आधारानं बसवलं, शेजारी चाचा; गाडी पुतण्या चालवत होता. वर पोचल्यावर वेशीच्या आत गाडी थांबवायला सांगून चाचांनी काच खाली केली. गार वारा आत आला. दादांनी डोंगराकडं पाहिलं, दुकानांकडं पाहिलं, मग चाचांच्या हातावर हात ठेवला.

“यहीच आना था ना?” चाचांनी विचारलं.

दादांनी हात काढून घेतला आणि पाच बोटं दाखवली. मग ते रडायला लागले. आवाज नव्हता, नुसतं तोंड वाकडं होत होतं. चाचांनी काच वर केली आणि पुतण्यानं गाडी घराकडं वळवली.

त्यानंतर त्यांनी हात वर करणं कमी केलं. थंडीत दुसरा झटका आला आणि ते गेले.

दिवस झाल्यावर एका सकाळी चाचा आले. आईनं चहा ठेवला. कप त्यांच्या हातात देत तिनं विचारलं, “भाईजान, तुम्ही त्यांना लहानपणापासून वळखता. काय मागत व्हते ओ ते?”

चाचांनी कप खाली ठेवला. “भाभी, मेरेको लगता, कुछ माँगते नहीं थे. हम लोगां दिनभर पूछते रहते थे ना. उनको भी कुछ पूछना होयेंगा हमको.”

आईनं नकारार्थी मान हलवली. “नाय. त्यान्ला काहीतरी पायजे व्हतं. साधंच असंल. माझ्या ध्यानात आलं नाय.”

मी तिला समजावलं, भावानं समजावलं. तिनं ऐकून घेतलं. पण भाजी निवडता निवडता अजून ती मधेच थांबते आणि म्हणते, “अगं, त्यान्ला अंगणात तर न्यायचं नसंल? ते इचारलंच नाय आपण.” मी म्हणते, विचारलं होतं आई, अंगणाचंही विचारलं होतं. मग ती पुन्हा मेथीची पानं खुडायला लागते.