अश्वजितचा चष्मा

हिरकणीवाडीच्या अश्वजितला चष्मा नव्हता, तरी तो रोज घरी विसरायचा. गडावर कुणी पर्यटकानं पाटी वाचायला सांगितली की हा खिसे चाचपायचा, चुकचुकायचा आणि पाटीकडे पाठ करून इतिहास सुरू करायचा. गाईड म्हणून त्याचं नाव होतं, कारण एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. अक्षरं मात्र त्याच्यापुढं एका जागी उभी राहत नसत. नववीत तीनदा बसला. शेवटी शाळाच कंटाळली.

बेचाळिसाव्या वर्षी गुडघे कुरकुरू लागले. ग्रामपंचायतीत शिपायाची जागा निघणार होती, बसायच्या खुर्चीसकट, पण दहावी पास माणूस हवा होता. मग यानं शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. महाडला मोठ्या माणसांचा वर्ग घेणाऱ्या नीला मॅडमनी आठवड्याभरात चष्म्याची थाप ओळखली. हा आळस नव्हे, अध्ययन अक्षमता आहे, असं त्या म्हणाल्या. इस्पितळाचा तसा दाखला मिळाला तर पेपर लिहायला लेखनिक मिळेल, जादा वेळही मिळेल; नाहीतर दहावीचं नाव सोडा.

दोघं मुंबईच्या इस्पितळात गेली. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आत एक बाई तपासणीचा उतारा मोठ्यानं वाचत होती. अश्वजितनं सवयीनं तो कानानं उचलला. त्याचा नंबर आला, तोच कागद हातात पडला, आणि गड्यानं तो खडाखडा म्हणून दाखवला, वर हातवारेही केले. डॉक्टरीणबाई खूश. वाचन उत्तम आहे, दाखला कशाला, म्हणत त्यांनी फाइल मिटली. जन्मात पहिल्यांदा तो परीक्षेत पहिला आला, आणि नेमकं त्याच परीक्षेत नापास व्हायचं होतं.

नीला मॅडमनी कपाळाला हात लावला. दारात रांग होती. बायकोपासूनही लपवलेलं आता परक्यांसमोर सांगायचं होतं.

"डॉक्टर, मला वाचता येत नाय," तो म्हणाला. "त्या बाईंचं ऐकून म्हणलं."

त्यांनी दुसरा कागद दिला. पहिल्याच ओळीत तो पाच मिनिटं अडकला आणि रडकुंडीला आला. महिन्याभरानं दाखला मिळाला.

त्या रविवारी गडावर एका आजोबांनी पाटीवर काय लिहिलंय म्हणून विचारलं. अश्वजितचा हात खिशाकडे गेला आणि तिथूनच परत आला.

"मला वाचता येत नाय, आजोबा. तुमी वाचा. पाटी चुकली असंल तर मी सांगतो."