उदगीरच्या पेठेतली कमान आणि शोभाबाईंचं सिमेंट

"लोक सुट्टीला महाबळेश्वरला जातात, तू चुना बघायला उदगीरला चाललीस?" नवऱ्यानं विचारलं. मी पाण्याची बाटली भरली आणि नांदेडहून सकाळची एसटी धरली. उदगीरच्या जुन्या पेठेतले लोक आपली दगडी कमान स्वतःच दुरुस्त करतायत, हे मैत्रिणीकडून कळलं होतं. तीन तास लागतात. उजवीकडची खिडकी धरा, नाहीतर माझ्यासारखं उन्हानं भाजून निघाल.

स्टँडसमोर फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला आणि गरम भजी खाल्ली. पन्नासच्या आत पोट भरलं. तिथून पेठ चालत पंधरा मिनिटं.

पेठेच्या तोंडाशीच चुन्याची घाणी आहे. गोल चरात बैल दगडी चाक ओढतो, खाली चुना आणि वाळू मळून निघते. दर रविवारी एका घराची पाळी. त्या घरानं चुन्यासाठी गुळाचं आणि बेलफळाचं पाणी आणायचं, वर सगळ्यांना चहा पाजायचा. त्या दिवशीचा चहा भलताच गोड होता. तरी मी दोन कप प्यायले.

तिथंच निवृत्त शिक्षिका शोभाबाई भेटल्या. कमान टिकावी म्हणून बारा वर्षांपूर्वी त्यांनीच पेठेला पटवून तिच्यावर जाड सिमेंट लावून घेतलं होतं. ओल आत कोंडली आणि दगडांचे सांधे भुसभुशीत झाले.

"चुना दम घेतो. सिमिटनं त्याचं नाकच दाबलं की," गवंडी मेहबूबचाचा म्हणाले. बाईंनी मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं.

सहा महिने पेठेनं सिमेंट खरवडलं, सांध्यांत चुना भरला. आज कमानीला खालून दिलेले लाकडी टेकू काढायचे होते. खालून शाळेची लेकरं जातात, म्हणून एक दगड जरी हलला तरी कमान उतरवायची, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

शेवटचा टेकू निघाला. दगड जरा सरकला तरी तडकतील अशा काचपट्ट्या सांध्यांवर चिकटवल्या होत्या. त्या तडकतात का, हे बघत आम्ही तासभर लांब उभे. एकही तडकली नाही. तरी खाली जायला कुणी धजेना. शोभाबाई मात्र निघाल्या.

"बाई, उद्यापर्यंत थांबा हो!" चाचा ओरडले.

"न्हाई चाचा. बारा वर्षांखाली हट्ट माझाच होता. लेकरांच्या आधी मी उभी राहते."

बरोबर मधोमध त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं चाचाही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, मग एकेक करत सगळी पेठ.

संध्याकाळच्या गाडीनं घरी परतले. कमान देखणी आहे, जरूर बघा. चूक कबूल करणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. आपल्या चुकीखाली जाऊन उभं राहिलेलं माणूस मात्र पहिल्यांदाच पाहिलं.