कोर्टात नसलेली केस

बँकेचा माणूस माझी जागा बघायला आला आणि मी त्याला सांगितलं, की या जागेवर कोर्टात केस चालू आहे. केस नव्हती. जन्मात कधी नव्हती. त्या जागेवर नातीच्या शिक्षणाचं कर्ज मिळायचं होतं, आणि ते मी माझ्या तोंडानं, कुरडया वाळत घालता घालता अडवून ठेवलं.

तेव्हा मी अवघी पासष्ट वर्षांची होते. पोरवयच ते. अक्कल यायला अजून अवकाश होता.

हे खोटं मला ऐन वेळी सुचलं, असं मात्र कुणी समजू नये. आमच्या कासार आंबोलीकडे ते घरोघरी मुरवून ठेवलेलं असतं. रस्त्याकडेला गाडी थांबते, गॉगलवाला उतरतो, "मावशी, ही जागा कुणाची?" म्हणतो. तो एजंट. त्याला नुसतं नाही म्हटलं तर उद्या परत येतो, परवा मिठाईचा पुडा घेऊन येतो. पण "भावकीचा वाद हाय, केस चाललीया" एवढं कानावर घातलं, की पुन्हा तोंड दाखवत नाही. या विद्येत गावात माझा हात धरणारी बाई नव्हती. बाकीच्या नुसती केस सांगत. मी स्टे सांगायची, सही न देणारी मुंबईची नणंद सांगायची. मला नणंद नाही.

त्या दिवशी आलेल्या माणसाला गॉगल नव्हता. हातात मोजायची टेप होती. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

"आजी, ही जागा तुमच्याच नावावर आहे ना?"

"नावावर हाय, पर उपेग काय? धाकल्या दिरानं केस टाकलीया. सा वर्सं झाली. त्यो बी मरंना आन् केस बी सरंना."

तो वहीत लिहून घ्यायला लागला. एजंट कधी लिहून घेत नाहीत. इथे तरी थांबावं की नाही? उलट इतकं मन लावून ऐकणारा भेटला म्हणून मला चेव आला, आणि मी त्याला विहिरीत पडलेल्या बाईचीही गोष्ट सांगितली. आमच्या जागेत विहीर नाही.

पाणी पिऊन, "येतो आजी" म्हणून तो वळला, तेव्हा त्याच्या पाठीवरच्या बॅगेवरचं चिन्ह मला दिसलं. माझ्या पासबुकावर तेच चिन्ह आहे. हातातल्या चिकाचा गोळा तसाच हातात राहिला. त्याला हाक मारावी असं वाटलं, पण हाक मारून सांगणार काय? त्याची मोटारसायकल फाट्याकडे वळली तरी मी उन्हात तशीच उभी.

माझी नात, मुलाची मुलगी, तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंग संपवून घरी आली होती. पाणी साफ करण्याच्या विषयात पुढं शिकायला तिला परदेशात प्रवेश मिळाला होता, आणि निम्म्या खर्चाची स्कॉलरशिपही. उरलेल्या निम्म्याची सोय झाल्याचं बँकेचं पत्र महिनाअखेरीपर्यंत पाठवायचं होतं. न पाठवलं तर स्कॉलरशिप रांगेतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. बँकेनं तारण मागितलं. शेतजमीन त्यांना चालत नव्हती, आणि घरात एन.ए., म्हणजे बिनशेती झालेली जागा एकच: रस्त्याकडेची पाच गुंठे, वर भाड्यानं दिलेल्या दोन खोल्या. आमच्या मालकांनी जाण्याआधी ती माझ्या नावावर केलेली. त्या भाड्यावर माझी औषधं चालतात आणि माझा तोराही चालतो. म्हणजे जागा माझी, जामीनदार मी, सही माझी. बँकेचा माणूस या आठवड्यात येईल असं नातीनं मला दोनदा सांगितलं होतं. मी दोन्ही वेळा टीव्हीकडे बघत "व्हय व्हय" म्हटलं होतं.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आजी, कुणी आलं होतं का गं जागा बघायला?"

"न्हाई बा."

हे दुसरं खोटं. पहिल्याचं निदान कारण तरी होतं.

पुढचे दोन दिवस फोन वाजला की मी टीव्हीचा आवाज वाढवायची. पोरगी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून कागद जुळवत होती आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होती. मी त्या कॅलेंडरकडे पाठ करून बसायला शिकले. सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. पण सांगितलं की ते खरं होईल, आणि न सांगितलं तर कदाचित तो माणूस वही कुठंतरी विसरेल, असला हिशेब मी करत होते. पासष्टाव्या वर्षी!

तिसऱ्या दिवशी मुलाला बँकेतून फोन आला. फाईल थांबवली आहे. जागा वादातली असल्याचा अहवाल आहे, सख्ख्या काकांनी दावा टाकलाय म्हणे.

मुलाचा चेहरा लाल झाला. "काकानं केस टाकली? आमच्या जेवणाला येऊन बसतो आन् पाठीमागनं केस टाकतो? थांब, आज त्याला दाखवतोच." त्यानं चपला पायात घातल्या.

मला तोवर फक्त कर्जाची भीती होती. आता डोळ्यांपुढे दोन घरांची डोकी फुटलेली दिसली, आणि तीही माझ्या एका वाक्यानं. माझा दीर साधा माणूस. कोर्ट त्यानं बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नाही. मी दारात आडवी उभी राहिले.

"केस न्हाई," मी म्हणाले. "म्याच सांगितलं. टेप घिऊन आलाता, मला एजंट वाटला."

मुलगा चपला घालून उभाच. "आई, टेप घेऊन आलेला माणूस एजंट वाटला?"

"विहिरीचं बी सांगितलं म्या," मी म्हणाले. एकदा सांगायचंच तर सगळं सांगून मोकळं व्हावं.

नात मात्र चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, मी जाऊ नये असं वाटतंय का तुला?"

मी उठून कुरडया आत आणायला गेले. टेप मला दिसली होती. नाही असं नाही. पण पोरगी शिकली आणि नोकरी नाही लागली तर खोल्या जातील, माझं भाडं जाईल, हे कित्येक दिवस आत कुरतडत होतं. आणि नोकरी लागली तर ती तिकडचीच होईल, हे त्याहून जास्त. मला खरंच कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

बँकेनं सांगितलं, जागेवर दावा नाही असा वकिलाचा नवा सर्च रिपोर्ट आणा, आणि दिराचं नाव अहवालात आलंय तेव्हा आपला काही वाद नाही असं त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं. उरले होते आठ दिवस.

दिराकडे मी एकटी गेले. लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी घाबरले नव्हते. तो अंगणात कोयत्याला धार लावत होता. मी खालमानेनं सगळं सांगितलं.

त्यानं कोयत्याची धार अंगठ्यानं तपासली. त्यानं नाही म्हटलं असतं तर? त्याचा अपमान मी परक्या माणसापुढे केला होता. नाही म्हणायचा त्याला हक्क होता.

"वहिनी," तो म्हणाला, "कोर्टात तरी जितलो का न्हाई म्या?"

"निकाल लागला न्हाई अजून."

"मंग आत्ताच मिटवून टाकू. आन् त्यो बी मरंना, ह्ये कुणाला म्हटला तुमी?"

तेवढं एक वाक्य मी गाळलं होतं, पण मुलानं ते त्याला फोनवर आधीच सांगितलं होतं. पोटचा पोरगा!

दुसऱ्या दिवशी दीर इस्त्रीचा सदरा घालून आमच्याबरोबर तालुक्याला, पौडला आला. त्यानं नोटरीपुढे सही केली, वर वकिलाला चहाही पाजला. रिपोर्टला मात्र पाच दिवस लागले. महिना संपायला दोन दिवस उरले असताना आम्ही बँकेत बसलो. मॅनेजरबाई लातूरकडच्या, बोलायला मऊ. माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा आला. पानापानावर सही. पहिल्याच पानावर माझी सही माझीच वाटेना इतकी वाकडी आली.

"आजी, सावकाश," बाई म्हणाल्या. "समजलंय ना कशावर सही करताय? तिनं नाही फेडलं तर जागेवर येईल हे."

"समजलंय," मी म्हणाले. समजलं होतं म्हणूनच सही वाकडी येत होती. सगळ्या सह्या केल्या. शेवटची त्यातल्या त्यात सरळ आली.

मंजुरीचं पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं. नातीनं बँकेच्या पायरीवर बसूनच मोबाइलनं त्याचा फोटो काढून पाठवला. दीर आणि मुलगा रिक्षा बघायला पुढे गेले. मी तिच्याशेजारी टेकले आणि म्हटलं, "चुकलं गं माझं. भ्याले म्या."

तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली,

"तू घाबरलीस ते सगळ्या गावाला कळलं, आजी. मला पण खूप भीती वाटतीये. पण मी तसं बोलले असते, तर तुमच्यापैकी एकानं तरी सही केली असती का?"