तीन ग्रॅम बर्ली

सुधीर नवाथे घरी आहेत की नाहीत हे मला जिना चढतानाच कळत असे. ते आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात आणि त्यांची बाल्कनी जिन्याच्या खिडकीला लागून आहे. जिन्यात भाजल्यासारखा मंद वास आला की समजायचं, सुधीरराव पाइप घेऊन बसले आहेत. शेंगदाणे भाजायला घेतले आणि कुणी त्यात चिमूटभर कोको टाकला, असा काहीसा तो वास. याहून नीट मला सांगता येत नाही. मी कधी पाइप ओढलेला नाही, आणि लिहिलंही फारसं काही नाही. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या आमच्या मराठी मंडळींच्या अंकासाठी कुणा ओळखीच्या माणसाबद्दल लिहा, असं माझ्या मुलीने, अरुंधतीने, फार दिवस लावून धरलं होतं. मी टाळत होतो. पण गेल्या सप्टेंबरात जे पाहिलं, ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं वाटलं, आणि तिथे मराठी येणारा तिसरा माणूस मीच होतो.

सुधीरराव सत्तरच्या दशकात पुण्याहून इथे आले, क्ष-किरणांची यंत्रं बनवणाऱ्या विभागात. तेव्हा या गावात मराठी बोलायला कुणी नव्हतं. त्यांचा माइस्टर, म्हणजे कारखान्यातला वरिष्ठ कारागीर, व्योल्फेल नावाचा फ्रँकन, म्हणजे इथल्याच मुलखातला, म्हातारा होता. त्याची गावठी जर्मन पुस्तकात शिकलेल्या सुधीररावांना अजिबात कळत नसे. तरी तो त्यांना संध्याकाळी घरी न्यायचा, मागच्या अंगणातल्या बाकावर बसवायचा आणि हातात भरलेला पाइप द्यायचा. दोघं बोलत नसत. पाइप विझला की म्हातारा मान हलवायचा, पुन्हा भरून द्यायचा. हा हिवाळाभर चाललेला उद्योग. वसंत आला तेव्हा सुधीररावांचा पाइप विझत नव्हता आणि म्हाताऱ्याची भाषाही त्यांना कळायला लागली होती.

पाइपमध्ये असायची साधी बर्ली. बर्ली ही तंबाखूची एक जात. तिची पानं उन्हात किंवा धुरावर वाळवत नाहीत, सावलीत नुसत्या वाऱ्यावर टांगून ठेवतात. त्यामुळे पानातली साखर जवळजवळ संपते आणि धूर जिभेला चावत नाही, असं सुधीररावांनी मला समजावलं. व्योल्फेलची बर्ली ज्या छापाच्या पाकिटातून यायची, त्याच छापाच्या पाकिटातून सुधीररावांची आजवर येत आली. त्यांनी दुसऱ्या तंबाखू ओढून पाहिल्या नाहीत असं नाही. व्हॅनिलाच्या, चेरीच्या, रमच्या, डॅनिश, इंग्लिश. महिनाभर एखादी आवडायची आणि मग नकोशी व्हायची. मी एकदा विचारलं, मग हिचंच काय एवढं? त्यांनी पाकीट बंद केलं. मग म्हणाले, बाकीच्या तंबाखू सारख्या काहीतरी सांगत असतात. ही गप्प बसते.

कुसुमताई, त्यांच्या पत्नी, लग्नानंतर पहिल्यांदा इथे आल्या, तेव्हा विमानतळावर त्यांना नवऱ्याच्या स्वेटरचा वास आला. तुम्ही शेंगदाणे भाजत होतात का, असं त्यांनी विचारलं. सुधीरराव हो म्हणाले. खरं काय ते घरी पोहोचल्यावर कळलं. तेव्हापासून कुणी पाहुणा आला की कुसुमताई सांगायच्या, "आमच्या लग्नात मला दाण्याचं कूट दाखवून तंबाखू गळ्यात मारली." आणि सुधीरराव मान डोलावून जर्मनमध्ये म्हणायचे, "गेनाऊ." अगदी बरोबर.

या माणसाला गेल्या वर्षी हृदयाचा त्रास झाला. रक्तवाहिनीत दोन ठिकाणी जाळ्या बसवल्या. डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं की पाइप बंद. सुधीररावांनी वाद घातला नाही. घरी आले, पाइप पुसून ठेवले, पाकीट तसंच सीलबंद राहू दिलं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. जिन्यात वास येईनासा झाला. ते बाल्कनीत बसायचे, पण हात मांडीवर पालथे टाकून, एखाद्या दवाखान्यात नंबर यायची वाट पाहिल्यासारखे.

मग एक दिवस त्यांनी कुसुमताईंकडे एक पाइप मागितला. एकच. क्लबच्या शरद स्पर्धेतला. त्यानंतर आयुष्यात नाही.

हा क्लब म्हणजे गावाबाहेरचं पाइप ओढणाऱ्यांचं एक जुनं फेराइन, म्हणजे मंडळ. त्यांची स्पर्धा मोठी अजब असते. प्रत्येकाला मोजून तीन ग्रॅम तंबाखू, दोन काड्या आणि राख दाबायला एक लाकडी काटकी देतात. पाइप पेटवायचा आणि ज्याचा सगळ्यात उशिरा विझेल तो जिंकला. पुन्हा पेटवायचा नाही. पंचाने विचारलं की धूर दाखवायचा. बाहेरच्याने खेळणाऱ्याला काही सुचवायचं नाही, सुचवलं तर खेळणारा बाद. सुधीरराव यात बरेचदा जिंकले होते. एरवीच्या हाताच्या कामासाठी जी चपळाई लागते तिच्या नेमकं उलटं काहीतरी इथे लागतं.

कुसुमताईंनी डॉक्टरांना विचारलं. बाई हो म्हणाल्या नाहीत, पण त्यांनी खांदे उडवले. कुसुमताई मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीपण चला. एवढ्या वर्षांत मी एकदाही तिथे पाऊल टाकलेलं नाही. पण हा पाइप माझ्या डोळ्यांसमोर संपला पाहिजे. संपला की संपलं. नाहीतर हे म्हणतील, तो मोजायचा नव्हता."

"असं मी कधी म्हणालो?" सुधीररावांनी विचारलं.

"सत्तराव्या वाढदिवसाला. सिगारबद्दल."

सुधीररावांनी कपाटातून पाइप काढून पुसायला घेतला.

स्पर्धा तंबाखूच्या एका जुन्या कोठारात होती. आता तिथे पानं वाळवत नाहीत, पण आढ्याला आडवे वासे आहेत आणि त्यात पानांच्या माळा अडकवायचे खिळे तसेच आहेत. कोठार हान्स लोस यांचं. तेच क्लबचे अध्यक्ष आणि तेच पंच. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि तंबाखूच्या पुड्या वाटल्या. दरवर्षी कुठलीशी सुगंधी डॅनिश असते. सुधीररावांनी पुडी उघडली, नाकाशी नेली आणि लोसांकडे पाहिलं. ती बर्ली होती. व्योल्फेलची.

टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्या झाइट्स बाईंनी पुडीत बोट घालून म्हटलं, आल्झो, म्हणजे आज आपल्याला गवत ओढायचं आहे तर. सगळे हसले. ही सुधीररावांची जुनी चेष्टा होती. त्यांच्या तंबाखूला तिथे गवत म्हणत आणि त्यांना शेंगदाणे काका. हा सुधीररावांचा शेवटचा पाइप हे लोसांना माहीत होतं, तरी त्यांनी भाषण वगैरे केलं नाही. फक्त म्हणाले, ज्याला आवडत नसेल त्याने लवकर विझवून बिअर प्यायला जावं.

सुधीररावांनी पाइप भरला. मी त्यांच्या बोटांकडे पाहत होतो. आजारानंतर त्यांच्या हाताला बारीक कंप आहे, कपातला चहा बशीत सांडतो. पण त्या तीन ग्रॅमातला एक कण टेबलावर पडला नाही. पहिली काडी, गोल फिरवून. वरचा थर काळा झाला, तो अलगद दाबला. दुसरी काडी. मग काही नाही. म्हणजे बघणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. ते पाइप ओढत आहेत असंही वाटत नव्हतं. नुसता त्यांचा श्वास तिथून ये-जा करत होता आणि मध्येच एखादा निळसर धागा वर जाऊन वाशांत हरवायचा.

हळूहळू कोठार त्या वासाने भरलं. एवढ्या माणसांच्या पाइपातून एकच वास. मी कधीतरी मोठ्या देवळात, पूजा नसताना, रिकाम्या सभामंडपात उभा राहिलो आहे. तसं काहीतरी वाटलं. लोक बोलायचे थांबले. कुणी थांबा म्हणालं नव्हतं. झाइट्स बाई डोळे मिटून बसल्या होत्या. कुसुमताई माझ्या शेजारी बाकावर होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या घरात हा वास असा कधी आलाच नाही. मी सारखी दारं उघडत राहिले."

एकेक जण बाद होऊ लागला. ज्याचा विझेल तो स्वतःच तसं सांगायचा, उठायचा, लोस वेळ लिहायचे. शेवटी तिघं उरले. झाइट्स बाई, रेगेन्सबर्गहून आलेला एक तरुण इंजिनिअर आणि सुधीरराव. सगळे त्यांच्यामागे उभे राहून पाहत होते आणि पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरी नजर हलत नव्हती.

तेवढ्यात सुधीररावांची डावी भुवई किंचित वर गेली. मला त्याचा अर्थ कळला नाही. कुसुमताईंना कळला. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या काचेतून त्या ही भुवई पाहत आल्या होत्या. ती वर गेली की पाइप विझतो आणि मग काड्यापेटी शोधायला हे घरभर फिरतात.

"अहो, दाबा," त्या म्हणाल्या. "कडेची राख मधे घ्या आणि दाबा."

मोठ्याने नाही, घरात सांगावं तसं. आणि घरात ऐकावं तसं सुधीररावांनी ऐकलं. काटकी उचलली, कडेची राख मधे घेतली, दाबली. एक क्षण काही नाही. मग निळा धागा वर आला.

लोसांनी कुसुमताईंकडे पाहिलं. नियमाची त्यांना आठवण होतीच. ते अवघडून म्हणाले की फ्राऊ नवाथे काही बोलल्या, पण त्यांच्या भाषेत; घरचंच काही असेल, जेवणाचं वगैरे. त्यांनी सुधीररावांना ती वाट अगदी उघडी करून दिली होती. तिथे मराठी कळणारे आम्ही तिघंच होतो. मी माझ्या बुटांकडे पाहू लागलो. बाद झाला की टेबलावरून उठायचं, पाइप राखेच्या बादलीत रिकामा करायचा, असं मी मघापासून पाहत होतो. आणि या माणसाला आयुष्यात हा एवढाच पाइप उरला होता.

सुधीररावांनी एक झुरका घेतला. कदाचित शेवटचा म्हणून घेतला असेल.

"तिने मला राख दाबायला सांगितलं," ते जर्मनमध्ये म्हणाले. "आणि मी दाबली."

"सुधीर, मी काही ऐकलेलं नाही," लोस म्हणाले.

"मी ऐकलं ना."

कुसुमताईंचा चेहरा उतरला होता. झाइट्स बाई पाइप तोंडात तसाच ठेवून काहीतरी पुटपुटल्या, ते कुणाच्याही बाजूचं असेल. लोसांनी वेळ लिहिली. सुधीरराव उठले आणि सवयीने बादलीकडे वळले.

"थांब," लोस म्हणाले. "नियमात विझलेला पाइप रिकामा करा असं आहे."

पेटलेला पाइप घेऊन बाद झालेला माणूस त्या क्लबात आजवर कुणी पाहिलाच नव्हता. त्याच्यासाठी नियमच नव्हता. लोसांनी कोठाराचं दार उघडून धरलं.

बाहेर वारा होता. भिंतीला लागून एक बाक होता, त्यावर सुधीरराव बसले. उघड्यावर तीन ग्रॅमातलं उरलंसुरलं किती टिकणार? कुसुमताई त्यांच्या डाव्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडाशी बसल्या. मग जॅकेट काढून दोन्ही हातांनी त्यांनी ते पडद्यासारखं धरलं.

"तुला थंडी वाजेल," सुधीरराव म्हणाले.

"तुम्ही ओढा. बोलू नका."

त्यांनी ओढला. धूर सरळ कुसुमताईंच्या तोंडावर जात होता. त्या मान वळवत नव्हत्या. आत टाळ्या वाजल्या, म्हणजे कुणीतरी जिंकलं होतं. जरा वेळाने झाइट्स बाई बाहेर आल्या, जिंकल्याचा पितळी पाइप हातात धरून. त्यांनी सुधीररावांच्या पाइपातून धूर येताना पाहिला आणि जिथे होत्या तिथेच थांबल्या. मग इंजिनिअर आला, लोस आले, बाकीचे आले. सगळे भिंतीशी उभे राहिले. कुणी घड्याळ पाहिलं नाही. मला तिथे एकाच गोष्टीचं आश्चर्य वाटत होतं आणि अजून वाटतं. इतकी साधी वस्तू, वाऱ्यावर वाळलेलं पान, आणि त्याच्यासमोर एवढी जाणती माणसं टोपी काढल्यासारखी गप्प उभी.

मग धूर आला नाही. पुन्हा एकदा वाट पाहिली. नाही आला.

लोसांनी खिशातून काड्यापेटी काढून पुढे केली. आता स्पर्धा नव्हती, पेटवायला हरकत नव्हती. सुधीररावांनी कुसुमताईंकडे पाहिलं. त्या अजून जॅकेट तसंच धरून बसल्या होत्या.

"घ्या हवी तर," त्या म्हणाल्या. "तो अजून संपला नसेल तर."

सुधीररावांनी पाइप उलटा करून तळहातावर हलकेच आपटला. करड्या-पांढऱ्या राखेची एक छोटी रास पडली. त्यांनी ती बोटाने पसरली. आत न जळलेला एकही तपकिरी कण नव्हता. झाइट्स बाई वाकून पाहत होत्या. त्या हळूच जर्मनमध्ये म्हणाल्या की त्यांनी जिंकलेल्या पाइपात अर्धी तंबाखू तशीच राहिली आहे.

"संपला," सुधीरराव म्हणाले.

कुसुमताईंनी जॅकेट खाली घेतलं. पण अंगात घातलं नाही. तसंच मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. सुधीररावांनाही उठायची घाई नव्हती. पाइप अजून ऊन होता. त्यांनी तो कुसुमताईंच्या गार पडलेल्या हातात दिला, आणि त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला.