मोठ्या सिस्टरांची बैठक

आमच्या आरोग्य केंद्रात मोठ्या सिस्टर नुसत्या खाकरल्या तरी बाहेरची रांग सरळ व्हायची. मी तिथल्या लॅबमध्ये होतो. मधली भिंत प्लायवुडची, त्यामुळे त्या कोणाला फैलावर घेताहेत हे मला बसल्या जागी कळायचं. हाताखालच्या नर्सेस त्यांना टरकून असायच्या. चूक झाली की ती आधी लपवायची आणि मग देवाचं नाव घ्यायचं, अशी तिथली रीत होती.

डॉक्टर नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. केंद्राचा सगळा कारभार मोठ्या सिस्टरांच्या गळ्यात पडला. त्याच सुमारास वरच्या ऑफिसने अशी केंद्रं चालवणाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचा कोर्स काढला.

"आता म्हातारपणी मला काय शिकवणार हे?" असं कुरकुरतच त्या शनिवारची बस पकडायच्या. पण हळूहळू रमल्या. घरी नवऱ्याला म्हणे विचारायला लागल्या, "तुमचं या आठवड्याचं उद्दिष्ट काय?" तो म्हणाला, "वेळेवर जेवण." हे त्यांनीच आम्हाला सांगितलं आणि पोट धरून हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ओरडणं थांबलं. कोणी चुकलं तर जवळ खुर्ची ओढून विचारायच्या, "हे असं का झालं असेल गं?"

सगळ्यात लहान नर्स कंत्राटावर होती. तिला आम्ही धाकटी म्हणायचो. त्या दिवशी सकाळपासून ती एकटी होती. एक पद रिकामं, दुसरी नर्स लसीकरणाला गेलेली. दुपारी एका म्हाताऱ्याला धाप लागलेली म्हणून त्याचा मुलगा पाठीवर घेऊन आला. धाकटीने मास्क लावला, चावी फिरवली. ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा होता. बाहेरून दुसरा आणेपर्यंत म्हातारा गेला.

दोन दिवसांनी मोठ्या सिस्टरांनी बैठक घेतली. खुर्च्या गोल मांडल्या. "इथे दोष कोणावर ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "कोण चुकलं हे मला नकोय. का चुकलं, ते शोधू. कोणाला काही होणार नाही, हा माझा शब्द."

मग धाकटी म्हणाली, "सकाळी मी सिलिंडर तपासलाच नाही, ताई. तपासल्याची सही केली. ड्रेसिंगला माणसं खोळंबली होती, आत एक बाई कळा देत होती. राहूनच गेलं."

सिस्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी कोर्समध्ये शिकवलं होतं तसा अहवाल लिहिला: रिकामं पद, एकाच माणसावर तीन कामं, जास्तीचा सिलिंडर नाही. नाव कोणाचंच घातलं नाही. महिना संपला आणि धाकटीचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही.

सिस्टर तडक वरच्या ऑफिसात साहेबांकडे गेल्या. मीही सोबत होतो.

"मी कोणाचं नाव लिहिलं नव्हतं, साहेब."

"ड्युटी कोणाची होती, ते आमच्याकडे आहेच की," साहेब म्हणाले. "आणि तिला शिक्षा कुठे केली? मुदत संपली, एवढंच."

"मग मला करा शिक्षा. ड्युटी मी लावली होती."

साहेबांनी पुढची फाईल ओढली.

तिथून आम्ही धाकटीच्या घरी गेलो. सासूने दार उघडलं आणि वाटेतच उभी राहिली. धाकटी आतून आली. चिडली नव्हती, रडलीही नाही.

"ताई, तुम्ही पूर्वीसारख्या ओरडला असतात ना, तर मी खोटं बोलले असते," ती म्हणाली. "आणि आज कामावर असते."

परतताना बसमध्ये सिस्टर खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

पुढच्या वर्षी कोर्सवाल्या सरांनी त्यांना नव्या तुकडीपुढे बोलायला बोलावलं. काय बोलणार ते त्यांनी आधी सांगितलं. सर म्हणाले, "उदाहरण जरा निराशाजनक आहे. दुसरं काही नाही का?"

"आहे ना," सिस्टर म्हणाल्या. "आधी साहेबांना बसवा वर्गात. शब्द पाळायची ताकद त्यांच्या हातात आहे. आम्ही नुसता देतो." त्यानंतर बोलावणं आलं नाही.

आमच्या बैठका चालूच होत्या. गोल खुर्च्या, आणि विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "सगळं ठीक आहे, ताई." मीसुद्धा तेच म्हणायचो. काही महिन्यांनी सिस्टरांनी कारभार सोडला, इंजेक्शनच्या खोलीत परत गेल्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. कोणावर पुन्हा ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं तिथेसुद्धा नाही.

मध्यंतरी बायकोला घेऊन एका खाजगी दवाखान्यात गेलो, तर नंबर पुकारायला धाकटी. वाळली होती. तिने लॅबची चौकशी केली, शिपायाची केली, नवीन नर्स कशी आहे विचारलं. मोठ्या सिस्टरांबद्दल काही विचारलं नाही. त्या अंथरुणाला खिळल्यात हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात तिने पुढचा नंबर पुकारला.